श्वानपालन व शेजारधर्म

घरी एखादे कुत्रे असावे असे ज्यास वाटत नाही असा विद्यार्थी आमच्या शाळेत विरळा. आणि ते मुळीच नसावे असे जिला वाटत नाही अशी गृहिणी नाशकात त्याहूनही विरळा. या दोन पक्षांचा वाद दर उन्हाळ्याच्या सुटीत घरोघरी चालतो, आणि बहुधा मुलांचा जय होऊन एखादे मऊसूत पिल्लू पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून घरी येते. पुष्कळदा ते आईपासून तोडण्याच्या वयाचेही झालेले नसते. निदान आठ आठवडे तरी पिल्लाने आईपाशी राहावे. कारण दात कितपत लावावा व कोठे थांबावे, हा पहिला धडा ते आपल्या भावंडांशी खेळतानाच शिकत असते. पुढे जून उजाडतो, शाळा उघडतात, दात शिवशिवणाऱ्या पिल्लाकडून वडिलांच्या वहाणा कुरतडल्या जातात, कौतुक ओसरते, आणि एके सायंकाळी ते गंगेच्या काठी किंवा एखाद्या बाजाराच्या कडेला ‘सोडून दिले’ जाते. हा शब्दप्रयोग मोठा सोज्वळ आहे. जणू काय एखाद्या बंदिवानास मुक्त केले! परंतु प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा १९६० सालचा जो कायदा आहे, त्यात पाळलेले जनावर उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणे हा अपराध म्हणूनच गणलेला आहे.

कुत्रा आवडणारे व न आवडणारे असे लोकांचे दोन तट पडलेले दिसतात. आमच्या मते हा आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हे. मांजर एका घरचे असू शकते, पिंजऱ्यातील पोपट तर असतोच. कुत्रा मात्र एका घरचा कधीच असत नाही. तो आपल्या दाराशी बांधला तरी त्याचे भुंकणे भिंतीपलीकडे जाते, त्याची घाण रस्त्यावर पडते, आणि त्याचा दात बहुधा परक्याच्याच पोटरीस लागतो. म्हणून श्वानपालन ही हौस असली तरी तिचा खरा हिशेब शेजाऱ्यांच्या वहीत मांडला जातो, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

कुत्र्याच्या धन्यापाशी एक वाक्य सदैव तयार असते. समोरून येणारा मनुष्य अंग चोरून भिंतीस लागला की धनी हसून म्हणतो, “अहो, तो काही करत नाही हो!” भ्यालेल्या माणसाने कुत्र्याच्या शीलाचा दाखला मागितलेला नसतो, त्यास एवढेच हवे असते की साखळी दोन हात आखूड धरावी. कित्येकांस लहानपणी कुत्रा चावलेला असतो, कित्येकांस नुसती भीती वाटते. दोहोंचा मान सारखाच राखावा. तीच गोष्ट सकाळच्या फेरीची. गंगापूर रोडवर किंवा कॉलेज रोडवर पहाटे ऐटबाज कुत्री घेऊन निघालेली मंडळी पाहावी. कुत्र्याच्या गळ्यात किमती पट्टा असतो, परंतु त्याची विष्ठा उचलण्यासाठी धन्याच्या हाती कागदाचा कपटाही नसतो. दुसऱ्याच्या फाटकापुढे कुत्र्यास बसवून आकाशाकडे पाहत उभे राहणाऱ्या सुशिक्षित गृहस्थांविषयी आम्ही अधिक लिहीत नाही.

याच्या उलट दुसरा दोष. चोराच्या भयाने कुत्रा आणावयाचा आणि जन्मभर जिन्याखाली हातभर साखळीस बांधून ठेवावयाचा! असा कुत्रा रात्रंदिवस भुंकतो, दिसेल त्यावर धावतो, आणि मग सारी आळी त्यास दुष्ट ठरविते. सदैव बांधलेल्या कुत्र्यास धन्याने फिरविण्याची व्यवस्था न करणे हेही वरील कायद्याने निर्दयतेतच घातले आहे. तसेच बर्फाच्या मुलुखातील दाट केसांची कुत्री आणून त्यांस नाशकाच्या वैशाखात गच्चीवर ठेवणारे लोक आम्ही पाहतो. कुत्र्यास आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच काय तो त्याचा पंखा. अशांनी आपल्या मातीतील कुत्रे का ठेवू नये? ते ऊन सोसते, उरल्यासुरल्या भाकरीवर खूश असते, आणि हुशारीत कोणास हार जात नाही.

इतके सांभाळले म्हणजे कुत्र्यामुळे शेजार जोडला जातो, तुटत नाही. एकाच कॉलनीत दहा दहा वर्षे राहून परस्परांची नावे ठाऊक नसलेली माणसे ‘मोत्याचे बाबा’ आणि ‘राणीच्या आजी’ म्हणून एकमेकांस ओळखू लागतात. नोकरीतून निवृत्त झालेले आजोबा कुत्र्याच्या निमित्ताने दोन वेळा घराबाहेर पडतात. जुन्या नाशकातील वाड्यांत तर कुत्रा कोणा एका बिऱ्हाडाचा नसेच. तो वाड्याचा असे. कोणत्या बिऱ्हाडी आज पोळ्या उरल्या आहेत हे त्यास बरोबर कळे, आणि रात्री उशिरा परतणाऱ्या बिऱ्हाडकरूवर न भुंकण्याइतकी त्यास माणसांची पारख असे. वाडे पाडून त्या जागी उंच इमारती झाल्या. कुत्री मात्र गल्लीतच राहिली, आणि त्यांस विचारणारे कोणी उरले नाही.

गल्लीतील कुत्र्यांविषयी आपल्या लोकांत माया नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. खंडोबाच्या व दत्तात्रेयाच्या पायाशी कुत्री आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्ग नाकारला ही कथा सर्वांस पाठ असते. परंतु महाभारताच्या आदिपर्वातही आरंभीच एक कुत्रा आहे, तो फारसा कोणास आठवत नाही. जनमेजयाच्या भावांनी सरमेच्या पिल्लास काही अपराध नसता यज्ञमंडपातून मारून हाकलले, आणि सरमेने तेथे येऊन राजास जाब विचारला. शाळा सुटल्यावर निजलेल्या कुत्र्यावर दगड मारणाऱ्या आमच्या काही वीरांनी ही कथा मुळातून वाचावी.

परंतु नुसती माया म्हणजे पालन नव्हे. कुत्र्याने पोळी पळविली तेव्हा नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, असे सांगतात. आपण पोळी टाकतो आणि आपण होऊन पळतो. नाक्यावर शिळ्या भाताचा ढीग ओतून पुण्य पदरी बांधणारा गृहस्थ त्या कुत्रीस दोन महिन्यांनी सहा पिल्ले होतात तेव्हा कोठे असतो? २०२३ साली केंद्र सरकारने प्राणी जन्मनियंत्रणाचे जे नियम केले, त्यांत या कुत्र्यांस भटके न म्हणता समाजाचे प्राणी म्हटले आहे. हा शब्द आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. त्यांस खाऊ घालण्याची जागा जिन्यापासून, इमारतीच्या दारापासून व मुलांच्या खेळण्याच्या मैदानापासून दूर असावी. मुले व वृद्ध ज्या वेळी ये-जा करतात ती वेळ टाळावी. आणि खाऊ घालणाराने मागे उष्टे ठेवू नये, असे त्या नियमांत सांगितले आहे. कुत्री धरून, त्यांचे निर्बीजीकरण करून व त्यांस लस टोचून, कानास खाच पाडून पुन्हा त्याच ठिकाणी आणून सोडावयाची, ही व्यवस्थाही त्यांतच आहे. ज्याच्या हाती भाकरी त्याच्यावर कुत्र्याचा विश्वास. म्हणून महानगरपालिकेची गाडी येते त्या दिवशी खाऊ घालणाराने घरात दडून न बसता कुत्रे धरून द्यावयास पुढे झाले पाहिजे. आमच्या मते दयेची खरी परीक्षा तेथे आहे.

यावर कोणी म्हणेल की, एवढा खटाटोप कशास? सरळ मारून टाकावीत! हा उपाय नवा नाही. मुंबईत कंपनी सरकारने मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस लावले होते. त्याचा परिणाम असा झाला की १८३२ च्या जून महिन्यात कोटात मोठा दंगा उसळला. पारशी लोक पुढे होते, दुकाने बंद पडली, आणि सरकारास फौज बोलवावी लागली. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांनी मुंबईचा पांजरपोळ स्थापिला. त्यानंतरही अनेक शहरांत कुत्री मारली गेली, आणि तरीही कुत्री कमी झाली नाहीत. कारण उघड आहे. उकिरडा जागेवर असेपर्यंत एका कुत्र्याची रिकामी जागा दुसरे येऊन भरते. घंटागाडी दारावरून जात असता मागच्या भिंतीवरून पिशवी भिरकावणारा मनुष्यच वस्तुतः कुत्री पाळीत असतो. नाशिककरांस याचा आणखी एक धडा मिळालेला आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव व गावठी कुत्र्यांचा आढळला. उकिरड्यामागून कुत्रे आणि कुत्र्यामागून बिबट्या, अशी ती साखळी आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यत्वे हा लेख लिहिला, ती गोष्ट. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा रोग, ज्यास रेबीज म्हणतात, तो एकदा अंगात प्रकट झाला म्हणजे त्यावर आजही खात्रीचा उपाय नाही; रोगी बहुतेक मरतोच. सुश्रुताने जलत्रासाचे लक्षण वर्णून तो असाध्य ठरविला, त्यास किती शतके लोटली! जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे या रोगाने जगात दरसाल सुमारे ५९,००० माणसे दगावतात, त्यांतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आपल्या देशात. आणि मरणारांपैकी शेकडा ४० च्या सुमारास पंधरा वर्षांखालील मुले असतात. अर्थात, हा आमच्या वाचकांच्याच वयाचा रोग आहे.

मुलेच अधिक का? ती कुत्र्याच्या उंचीची असतात, धावतात, पिल्लांस उचलतात, हे झालेच. परंतु आम्हांस सर्वांत भयंकर वाटणारे कारण निराळे आहे. मूल चावा लपविते. “तिकडे कशास गेला होतास?” म्हणून वडील रागावतील, आई कुत्र्यास घालवून देईल, किंवा सुया टोचतील, या भयाने ते पोटरीवरचा ओरखडा मोज्याखाली झाकते. पूर्वी पोटात चौदा सुया घेत, त्या लशीची दहशत अजून घरोघर सांगितली जाते. ती लस आपल्या देशात सुमारे दोन दशकांपूर्वीच बंद झाली. आता लस दंडावर टोचतात, थोड्याच खेपा जावे लागते, आणि सरकारी रुग्णालयांत ती फुकट मिळते. १८८५ साली पाश्चरने जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलास वाचविले, त्यास आज केवढा काळ लोटला. तरी लाजेने वा भीतीने चावा झाकून एखादे मूल आपल्या शहरात मरावे, ही गोष्ट कोणत्याही घरास शोभणारी नाही.

म्हणून मुलांनो, कुत्र्याचा दात किंवा नख लागून कातडी फाटली तर, मग ते घरचे का असेना, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ पाहून पंधरा. हळद, चुना, तिखट यांपैकी काही लावू नका. आणि त्याच दिवशी घरी सांगून दवाखान्यात जा. पालकांस आमचे एवढेच मागणे की, त्या दिवशी रागावू नये. चूक कोणाची, हे लस टोचल्यावर पाहता येईल. ‘भुंकणारे कुत्रे चावत नाही’ या म्हणीवरही कोणी विसंबू नये. ती कुत्र्यांनी वाचलेली नाही. अंगावर कुत्रे आले तर पळू नये, त्याच्या डोळ्यांस डोळा भिडवू नये, हात अंगालगत घेऊन झाडासारखे उभे राहावे. पडल्यास गुडघे पोटाशी घेऊन मान झाकावी. जेवणाऱ्या, निजलेल्या व पिल्ले घेऊन बसलेल्या कुत्र्यास हात लावू नये.

हे घडवून आणता येते याचा दाखला दूर नाही. गोव्यात शासनाने ‘मिशन रेबीज’ या संस्थेच्या साह्याने घराघरांतील व रस्त्यांवरील कुत्र्यांस वर्षानुवर्षे लस टोचली. शेकडा ७० कुत्र्यांस लस मिळाली म्हणजे रोगाची साखळी तुटते, असा अनुभव आहे. त्याबरोबरच शाळाशाळांतून मुलांस धडे दिले गेले. २०१७ नंतर कित्येक वर्षे तेथे या रोगाने मनुष्य दगावल्याची नोंद झाली नाही, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले.

२०२५ च्या ७ नोव्हेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणांहून भटकी कुत्री हलवून पुन्हा तेथे सोडू नयेत, असा आदेश दिला. आवारापुरते हे ठीक. परंतु विद्यार्थी फाटकाबाहेर पडला की पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत प्रत्येक वळणावर कुत्र्याची व त्याची गाठ पडणारच. यास्तव आमची एक सूचना आहे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी शाळेपासून घरापर्यंतच्या वाटेवरील कुत्र्यांची एक वही करावी: रंग कोणता, कानास खाच आहे की नाही, खाऊ कोण घालते, पिल्ले किती. मात्र हे सारे दुरूनच पाहून लिहावे. कानास खाच नसलेल्या कुत्र्यांची यादी वर्गशिक्षकांमार्फत महानगरपालिकेस पाठवावी, आणि दोन महिन्यांनी पुन्हा पाठवावी, कारण पहिली हरवते. वहीच्या पहिल्या पानावर मात्र आपल्या घरच्या कुत्र्याचे नाव, त्याच्या परवान्याचा क्रमांक व त्यास शेवटची लस टोचल्याची तारीख लिहावी. आणि ती तारीख घरात कोणासच आठवत नसेल, तर पुढील पान उलटण्यापूर्वी त्यास घेऊन पशुवैद्याकडे जाऊन यावे.