जुना वायपर, नवा रिले

निपाणीहून बेळगावकडे येताना तवंदी घाटात पावसाची भुरभुर लागली, की अखंड फिरणारा वायपर काचेवर करकरतो. बंद केला, तर पुढच्या ट्रकने उडविलेल्या चिखलाने वाट दिसेनाशी होते. म्हणूनच जुन्या गाडीला थांबूनथांबून वायपर चालविणारा रिले बसवून घ्यावासा वाटतो. अशा वायपरच्या इलेक्ट्रॉनिक रचनेचे पेटंट अमेरिकेतील रॉबर्ट कर्न्स यांना १९६७ साली मिळाले.

हा रिले मोटरला क्षणभरच वीज देतो. उरलेली फेरी पुरी करून पाती खाली आणणे, हे मोटरमधील जुन्या स्वयंविराम स्विचचे काम. तोच झिजला असेल, तर पाती मध्येच थांबतात आणि दोष मात्र नव्या रिलेवर येतो.

वाचकांनी आधी रिले काढून मूळ तारा पूर्ववत जोडाव्यात. काच भिजवून वायपर सुरू करावा व पाती मध्यावर असताना बटण बंद करावे. ती आपोआप खाली जाऊन थांबली, तर मोटर ठीक आहे. रिलेची जोडणी तपासावी. मध्येच थांबली, तर स्वयंविराम स्विच व त्याची तार पाहावी. चालच मंद असेल, तर अर्थिंगची तार गंजली आहे का, हे बघावे.

नवे जोडण्यापूर्वी जुने पारखावे, असे आम्ही म्हणतो ते यासाठीच. घाटातील वळणावर कळण्यापेक्षा हा दोष अंगणातच कळलेला बरा!