पणजीचं नाव सांगा बरं!

एक सोपा प्रश्न. मोबाइल बाजूला ठेवा, घरी फोन न करता उत्तर द्या. तुमच्या पणजोबांचं नाव काय? जमलं? आता पणजीचं सांगा, तेही माहेरच्या आडनावासकट.

बहुतेकांची गाडी इथेच अडते. पितृपक्षात भटजी तीन पिढ्यांची नावं विचारतात, तेव्हा वडीलधारे एकमेकांकडे बघतात आणि आपण पानाकडे. एरवी पणजोबांची आठवण आपल्याला एकदाच येते. ॲडमिशनच्या वेळी, जात पडताळणीचा अर्ज भरताना.

तिथे मात्र ते हवेच असतात. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांतले असाल तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातीचे असाल तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. पहिली धाव शाळेच्या दाखल्याकडे. पण पणजोबांनी शाळेचं तोंडच पाहिलं नसेल तर? तारीख जवळ येते, वडील कामाचा खाडा करून तहसीलच्या चकरा मारतात आणि सीट राहते की जाते याची धाकधूक सगळ्या घराला.

अशा वेळी कामाला येते ती मरणाची नोंद. माणूस शाळेत जावो न जावो, मरतो नक्की. आणि ब्रिटिश काळापासून आपल्याकडे गावोगावच्या जन्म-मृत्यूची नोंद ठेवली जायची. गाव नमुना नंबर १४, म्हणजे लोकांच्या भाषेत 'कोतवाल बुक'. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, वय काय, जात काय, कशाने गेलं. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आल्यानंतर हे काम गावात ग्रामपंचायतीकडे आलं. त्याआधीची रजिस्टरं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कापडी बस्त्यांत बांधलेली असतात. अर्ज केला आणि नोंद सापडली, तर नक्कल मिळते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा हीच जुनी कागदं धुंडाळली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला.

कोल्हारच्या मुलांनी यात एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. प्रवरेच्या अलीकडचं कोल्हार बुद्रुक राहाता तालुक्यात, पलीकडचं कोल्हार खुर्द राहुरीत. त्यात राहाता तालुकाच मुळात १९९९ चा. म्हणजे पणजोबा बुद्रुकचे असले तरी त्यांची नोंद राहात्यातच असेल असं नाही. जुन्या तालुक्याच्या ठिकाणीही विचारावं लागतं. शिवाय १९५० च्या आधीचं पान मोडीत असण्याची शक्यता मोठी. नुसतं आडनाव घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. गाव, अंदाजे साल आणि वडिलांचं नाव, एवढं तरी हाताशी हवं.

परदेशात लोक पूर्वजांना शोधायला कबरस्तानात जातात. तिथे दगडावर नाव असतं, तारीख असते. पुण्याजवळ खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत तर ज्यांच्या कबरी नीट राखता येत नाहीत अशा पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचीही नावं कोरून ठेवली आहेत. आपल्या बहुतेक घरांत दहन होतं, अस्थी प्रवरेत किंवा नाशिकला गोदावरीत जातात आणि दगड उरत नाही. पण वही उरते. रामकुंडावर विधीला गेलेल्यांची नावं तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावानुसार, आडनावानुसार पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. घरातलं कुणी अस्थी घेऊन गेलं, की आधीच्या पानावर आजोबांची सही सापडते. नगर जिल्ह्यात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम आहे. ख्रिस्ती घरांसाठी चर्चमधली बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची रजिस्टरं आहेत. मुस्लिम कबरी पुष्कळदा कच्च्या असतात, नावाचा दगड नसतो. तिथे जमातीतल्या जुन्या माणसांची आठवण आणि कोतवाल बुक हाच आधार.

आता मुद्द्याची गोष्ट. ही पानं फक्त दाखल्यापुरती उघडायची का? १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं नजरेसमोर आणा. इन्फ्लुएंझाची साथ, मुंबई इलाख्यात लाखो माणसं गेली. एकाच घरातली तीन नावं लागोपाठ दिसली आणि कारणाच्या रकान्यात नुसतं 'ताप' असलं, तर आपल्या घराण्याची जमीन दुसऱ्या भावाकडे का गेली, आजोबा मामाकडे का वाढले, याचं उत्तर तिथे मिळू शकतं. काही पानं टोचतीलही. जातीचा उल्लेख आज उच्चारवणार नाही अशा शब्दात असेल, दीड वर्षाच्या बाळांच्या नोंदी ओळीने असतील. तरी बघावं. ते आपलंच आहे.

आणि बायका? त्यांची नोंद पुष्कळदा अमक्याची बायको किंवा तमक्याची आई अशी. लग्नात नाव बदललेलं, माहेर पुसलेलं. वंशावळ म्हणून आपण जे काढतो ती अर्ध्या घराचीच असते. पणजीचं नाव कुठल्याच रजिस्टरात धड सापडणार नसेल, तर ते मिळण्याची एकच जागा उरते. तुमची आजी.

म्हणून दोन मागण्या. पहिली प्रशासनाकडे : अभिलेख कक्षातली जुनी जन्म-मृत्यू रजिस्टरं वाळवी लागायच्या आत स्कॅन करा आणि मोडीचं वाचन जाणणारा माणूस प्रत्येक तहसीलला द्या. गरीब घरच्या मुलाला एका ओळीच्या वाचनासाठी एजंटच्या दारात उभं राहावं लागू नये.

दुसरी आपल्याकडे. दरवर्षी एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर गावात होतं. झाडं लावा, रस्ते झाडा, पण त्यातला एक दिवस म्हाताऱ्या माणसांजवळ वही घेऊन बसा. कोण कुठून आलं, कोण कधी गेलं, कुणाचं माहेर कुठलं. आईकडची पिढीही लिहा. पुढच्या वर्षी हाच आधार घेऊन तुमचाच ज्युनिअर तहसीलमध्ये योग्य सालाचं रजिस्टर मागू शकेल.

रजिस्टर अजून काही वर्षं टिकेल. आजीचं तसं नाही. आज घरी गेलात की आधी तिला विचारा.