आधी लक्ष्या, मग थ्रीडी

मंडळी, क्लेमेंटीतल्या आपल्या मुलांना सुट्टीत आधी काय दाखवायचं, ‘झपाटलेला’ (१९९३) की ‘झपाटलेला २’ (२०१३)? आमचं मत, पहिलाच! दुसऱ्यात थ्रीडीची गंमत आहे, दिग्दर्शन महेश कोठारेंचंच आहे, तात्या विंचूही आहे. पण बाहुला जिवंत आहे हे जीव तोडून सांगणारा लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, त्यात नाही. त्याच्या त्या भाबड्या घाबरण्यावरच तर आपण पोट धरून हसलो!

‘बॅक टू द फ्यूचर’च्या दुसऱ्या भागात (१९८९) नायक कालयंत्रातून थेट पहिल्या भागातल्या प्रसंगांत शिरतो. आपला लक्ष्या २००४ मध्ये गेला. त्याच्याकडे नेणारं आपलं कालयंत्र म्हणजे मूळ चित्रपटच. तेव्हा मुलांच्या शेजारी बसा, अडलेला शब्द सांगा. तेवढीच मराठी कानावर पडेल!