मूळ आवाज जपून ठेवा

दिवाळीच्या सुटीत आम्ही पाच-सहा विद्यार्थी घनसावंगी आणि अंबड तालुक्यांतील काही खेड्यांत जात्यावरच्या ओव्या गोळा करीत हिंडलो. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते केव्हाच कोपऱ्यात जाऊन बसले. तरीही म्हाताऱ्या बायांनी आमच्यासाठी मूठभर ज्वारी घालून जाते फिरवले आणि आठवतील तेवढ्या ओव्या म्हटल्या. त्यावर स्नेहसंमेलनासाठी पंधरा मिनिटांचा माहितीपट करावा, असे ठरले. तो करताना जो धडा मिळाला, तो सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. विषय वरवर तांत्रिक वाटेल. परंतु तो आपल्या कलाशाखेचाच आहे, असे माझे ठाम मत आहे.

मोंढ्यात व्यापारी पोत्यातून मूठभर ज्वारी काढून मालाचा अंदाज घेतो. ध्वनिमुद्रण करणारे यंत्रही आवाजाच्या लाटेतून असेच नमुने घेते. एका सेकंदात किती नमुने घेतले, त्या संख्येला ‘सॅम्पल रेट’ म्हणतात. जितकी कंपने टिपायची, त्यांच्या दुपटीहून अधिक नमुने लागतात. माणसाचा कान फार तर वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. म्हणून १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने ४४,१०० हा आकडा घेतला. गंमत अशी की, हा आकडा मुळात व्हिडिओ टेपचाच. त्या काळी अंकांत उतरवलेला आवाज व्हिडिओ टेपवर साठवीत. चित्राच्या प्रत्येक रेषेत तीन नमुने, अशा २९४ रेषा आणि सेकंदाला ५० क्षेत्रे, हा गुणाकार करून पाहावा. पुढे व्हिडिओच्या जगात मात्र ४८,००० चा दर रूढ झाला आणि तेव्हापासून हे दोन दर एकमेकांशी भांडत आहेत.

आमच्याजवळ दीडशेच्या आसपास ध्वनिफिती जमल्या. उसन्या रेकॉर्डरच्या ४४,१०० च्या, कॅमेऱ्याच्या ४८,००० च्या आणि मोबाईलच्या १६,००० च्या. संकलनासाठी सर्व एका दरात आणणे भाग होते. एकेक फाईल हाताने बदलण्याऐवजी संगणकाला एकच आज्ञा देऊन सगळ्यांचे घाऊक रूपांतर करावे, असे ठरले. ते योग्यच होते. हाताने दीडशे वेळा केलेल्या कामात चुका अधिकच झाल्या असत्या.

परंतु आमच्या एका मित्राने रूपांतर न करता नुसती पाटी बदलली. ४४,१०० च्या फाईलवर ‘४८,०००’ असे लिहून मोकळा झाला. वास्तविक दर १४७ नमुन्यांच्या जागी गणिताने नवे १६० नमुने काढावे लागतात. ते न केल्यामुळे एक तासाचे गाणे ५५ मिनिटे ७ सेकंदांत संपू लागले आणि आवाज पेटीवर सुमारे दीड पट्टी वर चढला. मोबाईलवरच्या ओव्या तिप्पट वेगाने धावू लागल्या, ती चूक लगेच ध्यानात आली. ही लहान चूक मात्र आम्हां कोणाच्याच कानांना समजली नाही. ज्या आजींची ओवी सर्वांत गोड होती, त्या पौषात गेल्या. त्यांच्या लेकीला आम्ही ती ऐकवली, तेव्हा ती म्हणाली, “ह्यो आवाज माझ्या मायचा न्हाई. माय इतक्या घाईनं कवा म्हणत नव्हती.” आम्ही खाली मान घातली. सुदैवाने मूळ फाईल पेनड्राईव्हवर राहिली होती, म्हणून ती चूक दुरुस्त झाली.

दुसरी चूक मात्र दुरुस्त झाली नाही. एका गावच्या सर्व फाईली जागा वाचवण्यासाठी आमच्यापैकी कोणीतरी १६,००० वर उतरवल्या आणि मूळ पुसून टाकल्या. पुढे त्या पुन्हा ४८,००० वर चढवल्या. पण मुठी कमी घेतल्या असतील, तर नंतर आकडा वाढवून दाणे वाढत नाहीत. आठ हजार कंपनांवरचे सारे गेले. बांगड्यांची किणकिण बोथट झाली, ‘स’ आणि ‘श’ विझल्यासारखे झाले.

कोणी म्हणेल, मोबाईलवर पाहणाऱ्यांना एवढे कुठे कळते? मला हे मान्य नाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचे केवढे धन जमवले, परंतु त्या बायांचा गळा आज आपल्याला ऐकता येत नाही, कारण कागदावर शब्दच उतरतात. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि त्यांतील पुष्कळ ओव्या आवाजासह जतन झाल्या. आपल्या खिशात तर ध्वनिमुद्रणाचे यंत्रच आहे. हाती आलेला आवाज निष्काळजीपणाने गमावला, तर दोष कोणाचा?

म्हणून माझी सूचना अशी. घाऊक रूपांतर जरूर करावे. मात्र मूळ फाईलींना हात न लावता नव्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये काढाव्यात. आधी दराप्रमाणे फाईलींचे गट पाडावेत. रूपांतरानंतर लांबी तीच राहिली की नाही, हे तपासावे आणि प्रत्येक गटातील एक तरी ओवी, गाणारीला ओळखणाऱ्या माणसाला ऐकवावी. गाव, गाणारीचे नाव, तारीख आणि मूळ दर यांची वहीत नोंद करावी. मूळ ध्वनिफितींची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांइतक्याच जबाबदारीने ठेवावी, अशी आमच्या प्राध्यापकांना नम्र विनंती आहे.

हस्तलिखित संपादताना मूळ पोथीवर कोणी खाडाखोड करीत नाही. ती माऊलीची ओवी हीसुद्धा पोथीच आहे. फरक एवढाच की, ती गळ्यात लिहिलेली होती.