'वळण नाही' म्हणून कुणाच्या पोराला हिणवता?

गेल्या वर्षीच्या चौदा एप्रिलची गोष्ट आधी सांगतो. चूक आमची आहे, ती लपवून पुढचं लिहिणं ढोंगीपणाचं होईल.

आमच्या वस्तीच्या चौकाला लागून एका खोलीत नऊ वर्षांचा मुलगा राहतो. तो बोलत नाही. आई चार घरची धुणीभांडी करते, बाप बिगारी. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी ती माउली आम्हाला म्हणाली होती, "भाऊ, तेवढी गाडी आमच्या दारापुढं उभी करू नका. पोराला सोसत नाही." आम्ही "बघू ताई" म्हणालो आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी डीजेची गाडी नेमकी तिथंच उभी राहिली. पोरगा कानावर हात दाबून बाहेर पळाला, मंडपाच्या बांबूवर डोकं आपटू लागला. धरायला गेलेल्या आमच्या एका कार्यकर्त्याच्या हाताला कडकडून चावला. त्यानं एक ठेवून दिली. गर्दीतून आवाज आला, "आईबापानं वळणच लावलं नाही." कुणी म्हणालं, "बाहेरचं दिसतंय." आईनं त्याला उचलून आत नेलं आणि दार लावून घेतलं. गाणं चालूच होतं.

"वळण नाही" हे शब्द आपल्याला नवे आहेत का? आपल्या आज्या-पणज्यांना पाणवठ्यावर येऊ दिलं नाही आणि वर म्हणाले, हे लोक अस्वच्छ. शाळेचं दार बंद ठेवलं आणि म्हणाले, हे अडाणी. परिस्थिती आपण निर्माण करायची आणि तिचा परिणाम समोरच्याचा स्वभाव म्हणून खपवायचा, ही ब्राह्मणी व्यवस्थेची जुनी रीत. त्या दिवशी भर चौकात, निळ्या झेंड्याखाली, आम्ही तीच रीत एका नऊ वर्षांच्या मुलावर वापरली. आवाजाचा मारा आमचा आणि दोष त्याच्या वळणाचा!

त्या मुलाला ऑटिझम आहे. मराठीत याला 'स्वमग्नता' म्हणतात. आम्हाला हा शब्द फारसा पटत नाही. मूल स्वतःतच रमलंय, त्याला जगाशी घेणंदेणं नाही, असा अर्थ त्यातून निघतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटं असतं. जग त्याच्यावर नको तितकं आदळत असतं. कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटची गुणगुण, अंगाला घासणारा नवा शर्ट, या गोष्टी आपला मेंदू बाजूला सारतो, त्याचा मेंदू सारू शकत नाही. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरनं अशा अकरा मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यानंतर कित्येक वर्षं अमेरिकेत मोठमोठे विद्वान सांगत होते की आई थंड काळजाची असली की मूल असं होतं. ब्रूनो बेटलहाइम हे त्यातलं गाजलेलं नाव. हा सिद्धांत पुढं सपशेल खोटा ठरला. मेंदूची घडण जन्मापासूनच वेगळी असते, आईच्या मायेचा किंवा माराचा तिच्याशी संबंध नाही. पण आपल्या वस्तीत बेटलहाइमचं नाव न ऐकलेली माणसंही आईलाच दोषी धरतात. बाईवर ढकलायला विद्वत्ता लागत नाही.

आता मूळ मुद्दा. मूल चावतं, डोकं आपटतं, पळून जातं, वस्तू फेकतं, याला पुस्तकात 'आव्हानात्मक वर्तन' म्हणतात. आव्हान कुणाला? आपल्याला. मुलाच्या बाजूनं पाहिलं तर ते बोलणं आहे. ज्याला शब्द नाहीत त्यानं "बंद करा", "दुखतंय", "मला जाऊ द्या" हे सांगायचं कसं? हट्टात मुलाचं एक डोळा आपल्याकडे असतो, मागितलेली वस्तू मिळाली की ते थांबतं. इथं मुलाचा स्वतःवरचा ताबाच सुटलेला असतो. त्या क्षणी मारणं, ओरडणं, प्रश्न विचारणं म्हणजे आगीवर रॉकेल. आवाज कमी करा, गर्दी हटवा, डोक्याला लागू नये म्हणून उशी लावा आणि थांबा. खरं काम त्याच्या कितीतरी आधी करायचं असतं.

ते कसं, हे आम्ही त्या आईकडूनच शिकलो. मिरवणुकीनंतर चार दिवसांनी तिच्या घरी माफी मागायला गेलो. तिनं चहा दिला, पण बोलली नाही. पुढं महिनाभर येणंजाणं सुरू झालं, तेव्हा आमच्यातल्या एका ताईनं तिच्या मोठ्या मुलीला एका वहीत तीन रकाने आखून दिले. आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. सहावीतली पोर ती वही इमानेइतबारे भरत होती. तीन आठवड्यांनी पान उघडलं तर चित्र स्पष्ट होतं. डोकं आपटणं बहुतेक टँकर यायच्या वेळी. हॉर्न, हंड्यांचा खणखणाट, भांडणं आणि त्यातच आई न सांगता अचानक दारातून गायब. मग त्या ताईनं हंड्याचा आणि दाराचा फोटो काढून भिंतीवर लावला. टँकर यायच्या आधी आई तो फोटो दाखवू लागली आणि पोराला मागच्या खोलीत गोधडीत गुंडाळून बहिणीजवळ बसवू लागली. आपटणं पूर्ण गेलं नाही, पण आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलं. पुढं एकदा मध्येच सलग चार दिवस तो रात्रंदिवस गालावर बुक्क्या मारत होता. वहीत कारण सापडेना. शेवटी दाताच्या डॉक्टरकडे नेलं, दाढ किडलेली निघाली. शेजारी म्हणत होते, पुन्हा अंगात आलं. म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, वागणं अचानक बिघडलं तर आधी दात, कान, पोट तपासा.

आणखी एक. त्याला 'बस' या अर्थाचं एक कार्ड दिलं, लाल रंगाचं, हाताचा पंजा काढलेलं. ते दाखवलं की जे चाललंय ते थांबवायचं, हा घरातला नियम. पहिल्या आठवड्यात त्यानं जेवतानाही दाखवलं, अंघोळीलाही दाखवलं. आई वैतागली. पण 'नाही' म्हणायचा हक्क मिळालेल्या माणसाला चावायची गरज कमी पडते, हे आपल्याला वेगळं सांगायला हवं का?

कुणी म्हणेल, हा सामाजिक प्रश्न कसा? घरगुती बाब आहे. तर ऐका. हेच वर्तन मोठ्या सोसायटीतल्या मुलानं केलं की दोन-तीन वर्षांचं असतानाच निदान होतं, थेरपिस्ट येतो, आई नोकरी सोडून घरी बसू शकते. आपल्या पोराला शिक्षक 'झोपडपट्टीतलं उनाड' म्हणतात आणि नऊ वर्षं कुणाला शंकाही येत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत शांत कोपरा आणायचा कुठून? २०११ च्या जनगणनेत दिव्यांगत्वाच्या प्रकारांत ऑटिझमचा वेगळा रकानाच नव्हता. १९९५ च्या अपंग कायद्याच्या यादीतही तो नव्हता. जातवार गणनेसाठी भांडणाऱ्या आपल्या माणसांना मोजणी आणि हक्क यांचं नातं ठाऊक आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं एकवीस प्रकार मान्य केले, त्यात ऑटिझम आला. चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला वयाच्या सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अपमानाच्या हेतूनं त्याच्यावर हात टाकणं, लोकांसमोर मुद्दाम अपमान करणं हा कलम ९२ खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. म्हणजे आमच्या कार्यकर्त्याच्या त्या थपडेचाही विचार करा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मारायला आणि मानसिक छळाला बंदी आहे, कलम १६ नं प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत नाव काढून टाकता येत नाही. तरी या मुलाच्या शाळेनं आईला तोंडी सांगितलं, "उद्यापासून पाठवू नका, इतर पालक तक्रार करतात." आम्ही आईसोबत गेलो आणि एवढंच म्हणालो, लेखी द्या. लेखी आलं नाही, पोरगं शाळेत आहे. पण बसवतात कुठं? शेवटच्या बाकावर, एकटं. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसणारा लहानगा भीमराव ज्यांना आठवत नाही, त्यांच्याशी आम्ही काय बोलावं?

आपल्या घरातलंही बोलू. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरांतून अशा मुलांना भगताकडे नेलं जातं, धूर दिला जातं, चटके दिले जातात, हे आम्ही पाहिलंय. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण पोलिसात जाण्याआधी त्या आईला सरकारी दवाखान्याची वाट दाखवणारं कुणी असतं तर ती भगताकडे गेली असती का? जिल्हा रुग्णालयाशी जोडलेली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तपासणी तिथं होते. नॅशनल ट्रस्टची निरामय योजना आहे, एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, त्यात थेरपीही बसते. अर्ज भरायला विहारात रविवारी दोन शिकलेली पोरं बसली तरी काम होतं. आमच्याकडे बसतात.

सगळ्यात जोराचा आक्षेप जयंतीच्या बैठकीत आला. "गणपतीत दहा दिवस चालतं, तेव्हा कुणाला पोरं आठवत नाहीत. नियम फक्त आपल्यालाच?" या म्हणण्यात तथ्य आहे. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा २००० सालापासून आहे आणि पोलिसांना ती कुणाच्या मिरवणुकीत आठवते हे आपण जाणतो. पण तो मुलगा पोलीस नाही. तो आपला आहे, त्याची आई विहारात वंदनेला येते. बाबासाहेब गोलमेज परिषदेत गेले ते आमच्या वतीनं दुसऱ्या कुणी बोलू नये म्हणून. जगभरची दिव्यांग चळवळही आज तेच सांगते, आमच्याशिवाय आमच्याबद्दल काही ठरवू नका. मग जयंतीचा मार्ग ठरवताना त्या आईला बैठकीत बोलावलं नाही, ते कोणत्या तत्त्वानं?

यंदा बोलावलं. गाडी चौकाच्या अलीकडे दोनशे पावलांवर थांबली, चौकातून फक्त लेझीम आणि घोषणा गेल्या. आठवडाभर आधी मुलाला मिरवणुकीचे फोटो दाखवले होते. कानाला झाकणारे मोठे हेडफोन आमच्यातल्या एकानं आणून दिले. तरी तो मध्येच स्वतःचा हात चावू लागला. त्यानं लाल कार्ड वर केलं, आईनं त्याला आत नेलं, कुणी काही बोललं नाही. दहा मिनिटांनी तो खिडकीत आला आणि झेंड्याकडे बघत राहिला.

पण मंडळातले दोघे अजून नाराज आहेत. पुढच्या वर्षी गाडी पुन्हा चौकात आणायची असं त्यांनी आताच बोलून दाखवलंय. बैठक येत्या पौर्णिमेला आहे आणि त्या आईला आम्ही निरोप दिलाय.

जयभीम.