खेळाचा यजमान कोण?



मंडळात हल्ली एकच सूर ऐकते. मुलांचे ऑनलाइन खेळ म्हणजे जुगार, घरातले वायफायच काढून टाका! मी वाणिज्य शाखेची. सगळ्या रकमा एकाच खात्यात खतावल्या की ताळेबंद जुळत नाही, एवढे मला कळते.

द्यूत हे सप्तव्यसनांतले पहिले, त्यावर वाद नाही. २०२३ च्या जुलैत ऑनलाइन जुगारात ५८ कोटी गेल्याची तक्रार नागपूरच्या एका व्यापाऱ्याने केली आणि पोलिसांचा छापा पडला तो आपल्या गोंदियात. तेव्हापासून खेळ म्हटला की पोटात गोळा येतो, हे मी समजू शकते. पण अशा खेळात यंत्रणा परक्याची असते, हिशेबही त्याच्याच हातात.

आमच्याकडे दिवाळीत बालाघाट, राजनांदगावची नातवंडे जमतात. थोरला नातू आपल्या लॅपटॉपवर माइनक्राफ्टचे जग उघडतो, बाकीचे घरातल्याच वायफायवरून त्यात शिरतात. घरे बांधतात, शेती करतात, कचाकचा भांडतात. पैसा नाही, अनोळखी माणूस नाही. यजमान आपलाच पोरगा, त्याने लॅपटॉप मिटला की खेळ संपला. सूर्यास्ताआधी जेवायला हाक मारली की उठतात (तिसऱ्या हाकेला, पण उठतात). याला जुगार म्हणायचे?

लक्ष ठेवायचे ते दुसरीकडे. लांबच्या मित्राला खेळात घ्यायला मुले राउटरवर पोर्ट उघडतात. म्हणजे वाड्याचे रस्त्याकडचे दार उघडे टाकल्यासारखेच. तेव्हा कुणाला आत घ्यायचे त्या नावांची यादी लावायला सांगा, खेळ झाला की पोर्ट बंद करायला लावा, आणि राउटरचा मूळ पासवर्ड आजच बदला.

बंदुकांचे खेळ नकोत, तिथे मी तुमच्याच बाजूची. यशोधर राजाच्या कथेतला कोंबडा पिठाचाच होता, तरी पाप चुकले नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यातही ई-स्पोर्ट्स आणि साधे खेळ वेगळे ठेवले. जो भेद सरकारला कळतो तो आपल्याला का कळू नये? आणि वायफाय काढले तरी मोबाइलचा डेटा पोरांच्या खिशात राहतोच. बंद पडेल तो फक्त आपल्या डोळ्यांसमोरचा खेळ.