टाळूचं माप कोण घेणार?

बाळंतिणीच्या न्हाणीत रोज सकाळी एक तपासणी होते आणि तिची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही. न्हाऊ घालणारी बाई बाळाला पायांवर घेते, तेलाचा हात डोक्यावरून फिरवते. टाळूवर तिची बोटं जरा थांबतात. 'चांगली भरतेय हो,' असं म्हणते, नाहीतर 'आज जरा खोल लागतेय.' कागदावर मात्र बाळाचं वजन असतं, लसीच्या तारखा असतात. टाळूबद्दल काही असलंच तर एखादा 'ठीक' असा शब्द.

टाळू म्हणजे कवटीच्या हाडांमधली न जुळलेली जागा. जन्माच्या वाटेतून डोकं बाहेर यावं म्हणून ही हाडं एकमेकांवर सरकतात आणि पुढं मेंदू वाढायला त्यांच्यात जागा राहते. मागची टाळू लहान, तिकोनी. ती साधारण दोन-तीन महिन्यांत बुजते. पुढची शंकरपाळ्याच्या आकाराची. ती बहुधा एक ते दीड वर्षात भरते, कधी दोन वर्षंही लागतात.

तिचं माप घ्यायला यंत्र लागत नाही. बाळ शांत असताना बोटानं शंकरपाळ्याची चारही टोकं चाचपायची, मागून पुढं किती आणि या कानाकडून त्या कानाकडं किती ते मोजायचं, दोन्हींची बेरीज करून निम्मं करायचं. १९७२ साली पॉपिच आणि स्मिथ या दोघांनी अमेरिकेत ही पद्धत मांडली. त्यांच्या मापांत नवजात बाळांची सरासरी सुमारे २.१ सेंटिमीटर आली, पण अर्ध्या सेंटिमीटरच्या थोडं वरपासून साडेतीनपर्यंतची टाळूसुद्धा निरोगी बाळात दिसली. बाळंतपणात हाडं एकमेकांवर चढलेली असतात, म्हणून पहिल्या दिवसापेक्षा दोन-तीन दिवसांनी घेतलेलं माप अधिक भरवशाचं.

हा विषय डॉक्टरांचा आहे, बायकांच्या चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध आहे. टाळूत काही वेगळं दिसलं की पहिलं बोट आईकडं वळतं. ग्रहण पाळलं नसेल, दूध पातळ असेल, तेल नीट जिरवलं नसेल! खरी कारणं निराळी असतात. टाळू फार मोठी, विशेषतः मागची टाळू उघडी असेल, तर बाळाच्या थायरॉइड ग्रंथीचं काम कमी असण्याची शंका घ्यावी लागते. आईला ड जीवनसत्त्व कमी पडलं असेल तर बाळाची कवटी मऊ राहू शकते. म्हणजे प्रश्न ग्रहणाचा नसून गरोदर बाईच्या ताटाचा आणि उन्हाचा असतो. जुलाबात टाळू खोल जाते ती अंगातलं पाणी कमी झाल्यामुळं. वरून ओतलेल्या तेलानं ती भरत नाही. बाळाला अंगावर पाजत राहावं लागतं आणि दवाखाना गाठावा लागतो. बाळ रडत नसताना, उभं धरल्यावरही टाळू टरारून वर आली असेल तर मेंदूवर दाब वाढलेला असू शकतो. तिथं तर एक दिवसही थांबू नये.

यातली थायरॉइडची गोष्ट जिवाला लागणारी आहे. आपल्या देशात साधारण हजार-अकराशे बाळांमागं एकाला हा दोष असतो. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर मूल इतरांसारखं वाढतं. गोळी स्वस्त आहे. उशीर झाला तर बुद्धीचं नुकसान भरून येत नाही आणि त्या मुलाचं सगळं करणं जन्मभर एकाच बाईच्या वाट्याला येतं. खरी तपासणी टाचेच्या रक्ताच्या थेंबाची. शेजारच्या गोव्यानं २००८ साली नवजात बाळांसाठी अशी चाचणी सुरू केली होती. टाळूचं माप तिची जागा घेऊ शकत नाही, पण शंका घ्यायला शिकवतं.

आता लोट्याकडं येते. खेड आणि चिपळूणच्या मधलं, महामार्गावरचं हे गाव बाहेरच्यांना रासायनिक कारखान्यांमुळं माहीत. दाभोळ खाडीत मासे मरतात अशी तक्रार खाडीकाठचे मच्छीमार वर्षानुवर्षं करत आलेत. पुरावा मागितला तर त्यांना निदान मेलेला मासा पुढं ठेवता येतो. पोटुशी बाई काय पुढं ठेवणार? कारखान्यांमुळं बाळांच्या टाळूवर परिणाम होतो असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडं आधार नाही. पण नोंदच नसेल तर होत नाही असं तरी कशाच्या आधारावर सांगणार? अमेरिकेतल्या बाळांची सरासरी घेऊन लोट्याच्या बाळाला किती काळ मोजायचं? आपल्या बाळांची मापं आपल्याकडं हवीत.

दुसरी अडचण आपल्या रीतीची. पहिलं बाळंतपण माहेरी. लोट्याची सून बाळंतपणाला गुहागरला जाते, गुहागरची लेक लोट्याला येते. २०११ पासून आशाताईंनी दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं ठरलं आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळं वाचवली, त्या कामातून ही कल्पना आली. पण सव्वा महिन्यानं बाळंतीण सासरी गेली की माहेरच्या आशाताईंनी पाहिलेलं सासरच्या आशाताईंपर्यंत पोचवायचं कुणी? आणि वसाहतीतल्या खोल्यांत राहणाऱ्या परप्रांतीय कामगारांच्या बायका कुणाच्या यादीत?

म्हणून मागणी साधी आहे. बाळाच्या कार्डावर डोक्याचा घेर आणि टाळूचं माप असे दोन आकडे तारखेसह लिहावेत. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी एकदा, दीड महिन्यांनी एकदा. आकडा वेगळा आला म्हणजे आजार, असं नाही. त्यानं आईला घाबरवू नये. पण त्यासोबत बाळ सुस्त असेल, नीट पीत नसेल, कावीळ लांबली असेल, तर कळंबणी किंवा कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात त्याची तपासणी व्हावी आणि थायरॉइडची चाचणी फुकट व्हावी.

आणि हे काम आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रकाना म्हणून फुकटात टाकू नये. बाळाच्या या सगळ्या भेटींचे मिळून तेव्हा अडीचशे रुपये ठरले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या, त्या उगीच नाही. बायकांचं ज्ञान हवं असेल तर त्याचा मोबदला द्यायला हवा. न्हाऊ घालणाऱ्या बाईलाही शिकवा. तिची बोटं आधीच शिकलेली आहेत, तिला फक्त कधी धावायचं ते सांगायला हवं.

पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी काय ते लिहून जाते, असं आपण ऐकत आलो. ते लिहिणं आईला वाचता येत नाही, बदलता तर येतच नाही. आशाताई तिसऱ्या दिवशी येते, सातव्या दिवशी येते. तिनं लिहिलेलं आईला वाचता येईल आणि वेळेवर वाचलं तर पुष्कळ काही बदलताही येईल. मैत्रिणींनो, पुढच्या ग्रामसभेत हा विषय आपणच काढूया.